राक्षसांची विहीर

करुणाने राक्षसयुद्धाच्या पटखेळासाठी थर्माकोलचं परातीएवढं गाव रंगवलं होतं. जांभ्याच्या भिंती, शेवाळलेली कौलं, मधोमध विहीर. तिच्यात नुकतंच ओतलेलं रेझिन स्वप्नातल्या पाण्यासारखं हिरवंगार चमकत होतं. घटकाभरात ते काचेसारखं गोठणार होतं. गाव न्यायला आलेला विनीत हिरमुसला. “ताई, राक्षसांनी या विहिरीला शिवायचं नाही. त्यांची वेगळी, गावाबाहेर. खेळाच्या पुस्तकातच नियम आहे.” करुणाने त्या दुसऱ्या विहिरीसाठी रेझिन उपसायला चमचा उचलला. “पुस्तकांत असंच असतं, बाळा,” शेजारी बसलेले तिचे निवृत्त शिक्षक वडील मंद हसले. लहानपणी, कुणी वरून पाणी ओतेल म्हणून, ते रिकामी कळशी घेऊन विहिरीपासून दूर उभे राहत. त्यांनी खेळातला करंगळीएवढा राक्षस काठावर ओणवा धरून त्याची ओंजळ पाण्यात बुडवली. “गुरुजी, तो चिकटेल!” विनीत ओरडला. “पिऊंदे रे त्याला.” करुणाने चमचा ठेवला आणि पाणी गोठेपर्यंत वडिलांचा हात सावरून धरला.