चालू करार

वॉर्ड ऑफिसातल्या बाईंनी मृत्यूचा दाखला नाकारला, तोही तिसऱ्यांदा.

"तुमचे मिस्टर हयात आहेत," त्या रसिकाला म्हणाल्या. "जुलैतच त्यांनी रिटर्न भरलाय. स्वतंत्र व्यावसायिक म्हणून जो कर भरतो, त्याला आम्ही मेलेला कसा दाखवणार?"

"रिटर्न त्याच्या प्रतीने भरलाय. त्याला मी माझ्या हाताने अग्नी दिलाय, बाई."

"मग आधी करार बंद करून या. सही मात्र त्यांचीच लागेल."

मंदार पुलांचे नकाशे तपासायचा. आजारपणात काम अडू नये म्हणून त्याने कंपनीला आपल्या मेंदूची प्रत काढू दिली होती. करार दर एक तारखेला आपोआप पुढे सरकायचा आणि मंदारने स्वतः 'नको' म्हटलं तरच थांबायचा.

घरी आल्यावर चपलाही न काढता रसिका त्याच्या टेबलापाशी गेली आणि तिने स्क्रीन लावला.

"मंदार, या एक तारखेला नको म्हण. मला एकदाचं रडून मोकळं होऊ दे."

"म्हणतो की," तो खाकरून म्हणाला. आवाज त्याचाच होता. "खाडीवरचा पूल तेवढा हातावेगळा करतो. हा एकच महिना."

रसिका खुर्चीत बसली. चौतीस वर्षांच्या संसारात तिने हेच ऐकलं होतं. दवाखान्यात, नाकात नळी असतानाही तो हेच म्हणाला होता.

प्रत काढताना कंपनीने काहीही गाळलं नव्हतं.