फेसाचा पेला

"आज कितलं टाकं?" काशिनाथने स्वयंपाकघराच्या दारातून हळूच विचारलं.

"पन्नास मिली. काल साठ होतं, बाबा." हर्षदाने खोकल्याच्या औषधाचं मापाचं टोपण विसळून ओट्यावर पालथं घातलं.

दारूबंदीमुळे दमणहून आणवलेली मधाच्या चवीची व्हिस्की लिकर, अर्ध्या लिंबाचा रस, चमचाभर साखरेचा पाक आणि एका अंड्यातला पांढरा भाग. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ती आधी सगळं नुसतंच हलवायची, मग बर्फ घालून पुन्हा. हात दुखेपर्यंत. कृती तिने फोनवर पाहिली होती. तिथली माणसं हसत हसत हे करत होती.

तिला त्यातला फेस हवा होता. नुसत्या दारूत पाणी वाढवलं की लगेच कळायचं आणि भांडण व्हायचं. फेसाने मात्र पेला काठोकाठ दिसायचा आणि आंबटगोड चवीखाली कमी झालेलं माप लपायचं. डॉक्टरांनी बापलेकीला समोर बसवून बजावलं होतं, "एकदम बंद करायची नाही. झटके येतील, जीवही जाईल. दर दिवशी थोडी कमी करत न्या." पूर्वी दिवसाला बाटली लागायची. आता असे पाच पेले.

"दिवाळीलोंग सुटी?"

"असंच चाललं तर सुटेल."

काशिनाथने मान हलवली. गॅलरीतून दिसू नये म्हणून त्याने पेला टॉवेलखाली धरला आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. खोलीत हर्षदाची आई, धुरपदाबाई, डोकं दुखतंय म्हणून सकाळपासून पडून होती. पंधरा मिनिटांनी तो रिकामा पेला घेऊन बाहेर आला, तळाचे थेंब बोटांनी शर्टाच्या कॉलरला पुसले, पेला विसळला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला.

"काय भाऊ, आज दुपारपासूनच?" शेजारच्या रुक्मिणीबाईंनी नाकाला पदर लावला. "रात्रपाळीला जायचंय ना? एखाद दिवशी लूममध्ये हात जाईल."

"लूमले बी मना वास आवडस, रुक्मिणीबाई."

तो हसला. त्याही हसल्या. आत हर्षदा डबा घासत होती.

"असं हसून नका हो सोडून देऊ," तो आत आल्यावर ती म्हणाली. "सगळी नवागाम वस्ती म्हणते, काशिनाथ दारुडा."

"बोलू दे. बोलीबोली थकतीन."

"थकत नाहीत. दोन स्थळं त्यावरून परत गेली."

काशिनाथने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "माले माहीत शे, बेटा. तरी मनासाठे गप ऱ्हाय."

त्याची तिला सवय होती. पालिकेच्या मराठी शाळेत सकाळभर मुलांना मोठ्याने बोला म्हणून सांगायचं आणि घरी यायचं ते गप्प राहायला. संध्याकाळी काशिनाथ जेवणाचा डबा घेऊन उधन्याच्या कापड कारखान्यात गेला. पहाटे कारखान्यातून फोन आला. सुताच्या पोत्यांवर जरा टेकला होता, तो उठलाच नाही. हृदय बंद पडलं होतं.

दहा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. हृदयाचं कुणी ऐकूनच घेतलं नाही.

"दारूनी मना भाऊ खादा," अमळनेरजवळच्या गावाहून आलेले दगाकाका येईल त्याला सांगत होते. हर्षदा चहा देत होती. दर वेळी ते वाक्य ऐकलं की ती पुढचा कप भरायला वळायची. वारलेल्या माणसाला आता स्वतःचं नाव तेवढं उरलेलं होतं, आणि तेही असं.

सुतक फिटलं, त्या गंधमुक्तीच्या दिवशी फोटोसमोर त्याच्या आवडीचं सगळं मांडलं. शेवभाजी, भरीत, तंबाखूची पुडी. धुरपदाबाई कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. डोक्यावरून पदर, हात पदराखाली.

"दहा दिवस थरथरतेय बिचारी," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "पोरगी दिवसातून चारदा काढा पाजते, म्हणून बसली तरी आहे."

"वहिनीले मी आजच गावले ली जास," दगाकाका म्हणाले. "चारनी गाडी शे."

हर्षदाने हातातली ताटली खाली टेकवली. "काका, एवढ्यात नको. महिनाभर राहू दे तिला माझ्याजवळ. मग मीच आणून सोडते."

"कसाले? सत्तावीस वरीस त्या दारुड्यासंगे काढात तिनी. आते आराम करू दे. आनि तठे काढाबिढा काही नही. ताजं ताक पी, बरी हुई जाई."

"पण काका..."

"पण काय? रुक्मिणीबाईनी सांगं, ते तुनं फेसनं बनाड. त्याना पुढे ठेव. त्याना जीव अडकाले नको."

बाया एकमेकींकडे बघून हसल्या. हर्षदा आत गेली. माप, लिंबू, पाक, अंडं. डब्याचा आवाज बाहेर ऐकू येत होता. पेला घेऊन ती आली तेव्हा सगळ्यांनी सरकून वाट दिली. दगाकाकांनी फोटोसमोरची फुलं बाजूला केली.

"ठेव. आनि हात जोडीसन सांग त्याले, पुढला जन्ममा तरी सुधर."

ती वाकली नाही. फोटोकडे तिने एकदाच पाहिलं.

"काका, बाबांनी कधी थेंबही घेतला नाही," ती म्हणाली. "आई पिते."