खोक्याचा पुठ्ठा

सकाळी अकरा वाजता माणगावच्या अलीकडे हफ्साची गाडी तापून थांबली. बोर्ली पंचतनच्या बाजारात दिवसभर फिरवली तरी ती तापत नाही, पण पनवेलला निघाली की वाटेत काटा लालवर जातो. त्यामुळे शाळेतल्या नोकरीच्या दोन मुलाखती हुकल्या होत्या. तिसरी आज अडीचला होती.

गॅरेजवाल्या हरीने इंजिन निवू दिलं आणि मग तपासलं. "पाणी भरलेलं हाय, पंखा फिरतोय. मग हवा कुठं अडतेय, ताई?"

त्याने पुढची जाळी काढली. आत रेडिएटरसमोर एक जाड पुठ्ठा तारेने घट्ट बांधलेला होता.

"उंदीर वायर कुरतडतात," हरी म्हणाला, "तार बांधत न्हायत."

पुठ्ठ्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत नाव आणि गाव लिहिलेलं होतं. ईदच्या सुट्टीत तिचा नवरा मकसूद दोह्याहून सामान घेऊन आला, त्याच खोक्याचा तो तुकडा होता. परत जायच्या आदल्या दिवशी त्याने बॉनेट उघडून गाडी स्वतः तपासली होती.

तेवढ्यात मकसूदचाच फोन आला.

"तापली ना? मी बोललो होतो, गावात फिरव, लांब नको नेऊ."

तिने गाडी बंद पडल्याचं अजून कुणालाच कळवलं नव्हतं.

"हो, तापली," हफ्सा म्हणाली. "परत फिरते."



सव्वा वाजता गाडी पनवेलच्या वाटेवर वडखळच्या पुढे होती, काटा मध्यावर होता आणि मकसूदचा फोन पुन्हा वाजत होता.