समोरची सीट

डाव्या डोळ्याच्या पडद्याच्या चित्रात, फिक्या चकतीच्या कडेला, एक रक्तवाहिनी इतरांसारखी नव्हती. बाकीच्या झाडाच्या फांद्यांसारख्या पसरत गेलेल्या. ही केसाहून बारीक, स्वतःभोवतीच वळून गुंता झालेली. तिच्या खाली गडद लाल डाग होता. वरून सपाट, तळाशी गोल, होडीसारखा.

डॉक्टर वर्षाने स्क्रीन इम्तियाजकडे वळवली. तो दारव्हा-यवतमाळ रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवायचा. दवाखाना स्टँडसमोरच होता. खेप बाकी आहे म्हणून त्याने डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब टाकू दिले नव्हते. तरी चित्रात दिसायचं ते दिसत होतं.

"साखरेनं जुन्या वाहिन्या बुजत गेल्या," ती म्हणाली. "पडद्याला रक्त कमी पडलं, म्हणून या नव्या उगवल्या. यांच्या भिंती कच्च्या असतात. फुटतात, रक्त सांडतं. तुम्हाला काळे धागे दिसतात ना, ते हेच."

इम्तियाज हसला. "मले वाटलं काचेले चीर गेली. गाडीची समोरची काच बदलली मॅडम. चीर तिथंच! दुकानदाराशी भांडलो, नवीबी फुटकीच देल्ली म्हणून."

वर्षा हसली नाही. "उजव्या डोळ्यातही सुरुवात आहे. लेझरनं आहे तेवढं टिकवता येईल. गेलेलं परत येत नाही. आणि गाडी आता नको."

"करू ना लेझर. सोयाबीनचा सीजन तं निघू द्या."

शेजारी त्याची बायको गझाला बसली होती. ती अजून चित्राकडेच पाहत होती.

दार ढकलून एका प्रवाशाने डोकं आत घातलं. "चला ना भाई, गाडी भरली. भाभी, तुमी तरी उठा. तुमी समोर बसल्याबिगर भाई गाडी हालवत नाहीत. पोरीचं लगन झालं, तरी या दोघायची जोडी सुटत नाही!"

"जलतं काहून बे? आलो, जा," इम्तियाज म्हणाला. दार लागलं.

वर्षाने गझालाकडे पाहिलं. "तुम्ही रोज सोबत जाता?"

"पोळ्यापासून." तिचा आवाज खाली गेला. "म्हैस आली का म्हैस म्हणते. सायकल आली का सायकल. मंग हे ब्रेक मारतात."

"अन् बराबर मारतो. आजवर कोनाले खरोच नाही. चाल, ऊठ."

ती उठली नाही. दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"परवा मी स्टेरिंग वढलं होतं."

"हो ना. नाल्याजवळचा खड्डा."

"खड्डा नव्हता. मीच तसं सांगतलं तुमाले. मले डुलकी लागली होती. डोळे उघडले तं बोनेटसमोर पोरगी होती. शाळेची. पाठीवर दप्तर."

इम्तियाज तिच्याकडे पाहू लागला. नेमकं तिच्याकडे नाही, जरा बाजूला.

"कोणती पोरगी?" त्याने विचारलं.

बाहेर जीपमधून कोणीतरी हॉर्न वाजवला. मग पुन्हा वाजवला. गझालाने बोटाचा दुपट्टा सोडला.

"जियाचे अब्बा," ती म्हणाली, "आजपासून मी समोर नाही बसत."