येते हं

समोर बसलेल्या तपास अधिकाऱ्याने तनुजा वर्तकला तिचाच मेसेज वाचून दाखवला. तिच्या कॉलेजच्या राजवाडेसरांना अटक झाली, त्याच्या आदल्या दिवशी तिने चॅट संपवताना त्यांना लिहिलं होतं, "चला, येते हं."

"कशासाठी जाणार होता त्यांच्याकडे?"

"अहो, नुसता निरोप होता तो. निघताना आपण कधी 'जाते' म्हणतो का?"

"मला कळतं, ताई. मी कराडचा." त्याने आवाज खाली आणला. "पण सगळ्यांचे चॅट तपासणाऱ्या संगणक यंत्रणेने तो भेटीचा बेत म्हणून नोंदवलाय. यंत्रणेने लावलेला अर्थ आम्हाला खोडता येत नाही. उद्या दहाला हजर व्हा. दोन-चार कपडे बरोबर असू द्या."

तनुजा त्याला सोडायला घराच्या दारापर्यंत आली. त्याने दाराशी बूट चढवले आणि सवयीने म्हणाला, "येतो."

"या," तीही सवयीने म्हणाली.

दोघांची नजर एकदमच त्याच्या खिशाकडे गेली. तिथला सरकारी फोन दिवसभर सगळं ऐकून त्याच यंत्रणेला कळवत असे. अधिकाऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"जातो," खिशाकडे मान वाकवून, एकेक अक्षर सुटं करत तो म्हणाला. "मी जातो."