सुट्टीत मालक काय वाचतात

"वहिनी, आईच्या दुपारला हात लावू नकोस," गाडीतून आईचं सामान उतरवता उतरवता नणंद म्हणाली होती. "बाकी काहीही बदल. तिचं जेवण बदल, पडदे बदल. दुपार तेवढी तिची."

तिने हसून मान डोलावली होती. लेकींना आईचं कौतुक असायचंच.

सासूबाई राहायला आल्या म्हणून तिला साप्ताहिकातलं काम पुन्हा धरता आलं, तेही घरून. अडीच वर्षांची चिमणी आजीपाशी खेळायची, जेवायची, झोपायची. दुपारी सासूबाई वाचनालयातलं पुस्तक आणि कोमट पाण्याचा पेला घेऊन खोलीत जात, चिमणीला निजवत आणि दार लोटून घेत. मग आतून पुटपुटणं ऐकू येई. गोष्ट सांगत असतील, असं तिला वाटे. पण चिमणी झोपल्यावरही ते थांबत नसे.

साप्ताहिक उद्योगधंद्यांचं होतं. उन्हाळ्यात त्यात एक पान ठरलेलं असे : बड्या कंपन्यांचे प्रमुख सुट्टीत काय वाचणार? ते पान यंदा तिच्याकडे होतं. बँकेच्या अध्यक्षांनी, सिमेंटवाल्यांनी आणि विमान कंपनीच्या बाईंनी एकाच जाडजूड ग्रंथाची शिफारस केली होती. तिघंही तो "पुन्हा एकदा" वाचत होते.

"पहिल्यांदा कोणी वाचतच नाही वाटतं," ती फोनवर संपादकांना म्हणाली.

"मोठी माणसं पोटातूनच वाचून येतात. रंगवाल्यांचं आलं का?"

रंगवाले म्हणजे रंगांच्या कारखान्याचे संस्थापक. एका पांढऱ्यातले दहा पांढरे नुसत्या नजरेने ओळखणारा माणूस, अशी त्यांची ख्याती. अलीकडे कुठे दिसत नसत. शेवटची चौकट त्यांच्यासाठी राखून ठेवली होती.

"कळवतो म्हणालेत," ती म्हणाली, आणि तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून कोणीतरी घोगऱ्या आवाजात ओरडलं, "दार उघडू नकोस! तो परत आलाय!"

पुरुषाचा आवाज.

ती धावली. चिमणी गाढ झोपलेली. सासूबाई खिडकीशी, दाराकडे पाठ करून बसलेल्या, कानात वायर. चाहूल लागताच दचकून गप्प झाल्या, आणि फोनमध्ये हळूच म्हणाल्या, "थांबा हं."

"कोण ओरडलं, आई?"

"मीच गं," सासूबाई चक्क लाजल्या.

"आणि फोनवर कोण आहे?"

"आहेत एक. ओळखीचे... म्हणजे, ओळखीचे नाहीत." त्या गडबडल्या. "नाव विचारायचं नसतं. आपलंही सांगायचं नसतं. तसं ठरलंय."

म्हाताऱ्या माणसांना फोनवरून नादी लावणाऱ्या टोळ्यांवरचा लेख तिने नुकताच तपासला होता. पहिली खूण तीच : घरात कोणाला सांगू नका. तिने फोन उचलला आणि बंद केला.

"मधेच तोडलंस गं," सासूबाई म्हणाल्या. "त्यांना कळवायला तरी हवं होतं."

"कोणाला?"

सासूबाईंनी पुस्तकात खूण घातली.

"आईला नीट विचार तरी," संध्याकाळी नवरा म्हणाला.

"विचारलं. तो बाप्याचा आवाज माझाच, म्हणतात."

एक तर आईला कोणीतरी जाळ्यात ओढत होतं, नाहीतर तिचं डोकं ताळ्यावर नव्हतं. दोन्हीतलं काहीही खरं असलं, तरी पोर तिच्या हवाली करून निर्धास्त कसं बसायचं?

सासूबाईंचा नंबर बदलला. नव्या नंबरवरून फक्त घरच्यांशीच बोलता येईल अशी सोय केली. डॉक्टरांची वेळ घेतली. पाळणाघराची चौकशी सुरू झाली.

घर शांत झालं. दुपारी सासूबाई नुसत्या खिडकीशी बसून राहत. पेला कोरडा, पुस्तकातली खूण होती तिथेच. चिमणी मात्र झोपेना. "आजी, राक्षस कर ना!" असा हट्ट धरी.

"राक्षस गावाला गेला," आजी म्हणे.

जेवणही कमी झालं होतं त्यांचं. पण वयच ते, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

पान छपाईला जायच्या आदल्या दुपारी रंगवाल्यांचा निरोप आला. लेखी नव्हे, बोलून पाठवलेला. चौकट भरायची घाई होती. ती ऐकता ऐकता टाइप करू लागली.

"मुली, पुस्तकाचं नाव मागितलंस, पण खोटं कशाला सांगू? कित्येक वर्षांत मी एक पान वाचलेलं नाही. डोळे गेले. रंगवाला आंधळा झाला म्हटल्यावर माल कोण घेणार, म्हणून झाकून ठेवलं. आता छापलंस तरी चालेल. माझ्यासारख्यांना फोनवरून पुस्तकं वाचून दाखवणारी एक संस्था आहे. एकमेकांना नावं सांगायची नाहीत, घरीदारी बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. माझ्या वाट्याला एक बाई आल्या. चोर आला की चोराचा आवाज, पोर आलं की पोराचा. मधेच थांबायच्या, 'पांघरूण सरकलं पोरीचं' म्हणायच्या, की पुन्हा सुरू. शेवटी आम्ही दीपगृहात होतो. बाहेर वादळ, दारावर थाप, आणि म्हातारा पहारेकरी ओरडतो, 'दार उघडू नकोस! तो परत आलाय!'"

तिची बोटं थांबली. भिंतीपलीकडे कसलाच आवाज नव्हता.

"मग त्या 'थांबा हं' म्हणाल्या. मी अजून थांबलोय. संस्थेलाही त्यांचा फोन लागत नाही. पुस्तकं बाकीचे साहेब सुचवतीलच. माझ्या चौकटीत एवढंच छाप : वाचकहो, तुमच्या शेजारीपाजारी, तुमच्या घरात, अशी कोणी बाई असेल, तर हा अंक खाली ठेवा आणि आधी जाऊन बघा, ती बरी आहे ना."