एक बाळंतपण कमी

“काट्याले टांगते म्हने! लेकरू हाय का कापसाचा बोजा?” गोजरबाईनं नातीला पदराखाली घेतलं आणि पाठ फिरवली.

जनकाबाई ओसरीत भिंतीला टेकून बसली होती. केस पांढऱ्या फडक्यात घट्ट बांधलेले, आरोग्य केंद्रात शिकवलं होतं तसे. हातात केंद्राचा काटा, मांडीवर कार्ड.

“वजन लिवल्याबिगर नोंद पुरी होत नाही. नोंद नाही तं सर्टिफिकीट नाही.”

“नजर लागते माय. मोजलेलं लेकरू वाढत नाही. सर्टिफिकीट नव्हतं तवा गावात लोक जलमले नाही का?”

“जलमले. मेलेबी. काऊन मेले, ते कोनी लिवून नाही ठेवलं.”

म्हातारीनं नातीवरचा पदर घट्ट ओढून घेतला. तिच्या स्वतःच्या पोटचे किती गेले, ते जनकाबाईला माहीत होतं आणि हे बोलायला नको होतं, हेही कळत होतं. पण बोलून झालं होतं. गोजरबाईनं तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत पोरीला काट्याच्या झोळीत ठेवलं. पोरीनं घर डोक्यावर घेतलं. जनकाबाईनं वजन लिहिलं आणि पुढच्या रकान्यात ‘रडणे : जोरात’ असं ठसठशीत अक्षरात लिहिलं. तिला फार बरं वाटलं.

धामणगाव बढ्यात सुईण म्हणजे गोजरबाई. मोठ्या घरांत ती मागच्या दारानं जायची, बाळंतपण करायची आणि उंबऱ्याबाहेर सूप धरायची. वरून ज्वारी पडायची. जनकाबाई तिच्याच हाताखाली शिकली, पण धम्म घेतल्यापासून तिनं ठरवलं होतं, सूप धरायचं नाही आणि मागचं दारही नाही. नवं राज्य झाल्यावर केंद्रात सुईणींचं शिक्षण सुरू झालं, तेव्हा पहिलं नाव तिनं घातलं. मग वामनरावांच्या मोठ्या घरून बोलावणं आलं. ही पिशवी घेऊन पुढच्या दारात उभी. वामनरावांनी मागच्या बोळीकडे बोट दाखवलं. ही तिथूनच परत. शेवटी गोजरबाई गेली, बोळीतून.

त्यानंतर गावानं तिला टाकलं. आपल्या वस्तीतल्या बायकाही ‘जुना हात बरा’ म्हणून गोजरबाईकडेच वळल्या. केंद्राला स्वतःच्या हातची ठरावीक बाळंतपणं दाखवावी लागत आणि जनकाबाईचं एक कमी पडत होतं. ते आता झालं होतं. महिना संपायच्या आत नर्सबाईंची त्यावर सही पडली, तर सर्टिफिकीट. नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

दुपारच्या एसटीनं पुष्पाबाई नर्स आल्या. जुन्या नर्सबाईंची नुकतीच बदली झाली होती आणि ह्या नव्या. गावात सरकारी माणूस दारात आला की बायका ताडकन उठतात. जनकाबाई उठली नाही.

“जयभीम, बाई. बसा.”

पुष्पाबाईंच्या ते लक्षात आलं. त्यांचा चेहरा जरा ताठ झाला. त्यांनी हात धुतले, पोरीला उघडी करून नीट तपासली, नाळ पाहिली आणि कार्ड वाचलं.

“ब्लेड उकळलं होतं?”

“हाव.”

“नाळेला राख, शेण काही?”

“काहीच नाही. उकळलेला दोरा.”

“बाळंतिणीला ताप? रक्तस्राव?”

“ताप नाही. अंगावरचं बेताचं. दूध आलं.”

“नोंद चांगली आहे,” पुष्पाबाई म्हणाल्या आणि त्यांनी कार्ड मिटलं. “पण मी सही करू शकत नाही.”

“काऊन?”

“घर कुणाचं हे? गोजरबाईंचं. गावची जुनी सुईण घरात असताना बाळंतपण तू केलंस, हे मी कसं मानू? एका गावात असंच झालं. सासूनं बाळंतपण केलं आणि नाव भलतीचंच लागलं. मी फसले.”

“म्या बोटबी लावलं नाही!” गोजरबाई उसळली. “कडी घातली न आतून हिनं! म्या दार वाजवून राह्यली, वाजवून राह्यली, अन् ही आतून म्हनते, तुमी हात लावला तं माहं बाळंतपन वाया जाईन. लेकराचा आवाज आला तवा कुठं कडी काढली.”

“आजी, तुम्ही घरच्याच. तुमची साक्ष कशी धरू? तुमची सून काय म्हणते?”

“सुनेचं काय सांगू बाई! माहं ऐकते कुठं ती!” म्हातारीनं तोंडाला पदर लावला.

जनकाबाईचा संताप संताप झाला. मागच्या दाराला नाही म्हटलं म्हणून गावानं टाकलं आणि आता पुढच्या दारातून आलेली ही बाईही विश्वास ठेवीना. तिनं आवाज चढू दिला नाही.

“मंग कोनाची साक्ष धरसान, बाई?”

“बाळंतिणीची.” पुष्पाबाईंनी बंद दाराकडे पाहिलं. “तिला मला तपासायचंच आहे. तिथेच विचारते. तू मधे बोलायचं नाहीस. तुझ्याशिवाय कुणाचा हात लागला नाही असं तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, तर तिथंच सही करीन.”

“मांगं सरान नाही ना?”

“नाही. शब्द दिला.”

“मले लिवून नको. शब्द पुरे.”

जनकाबाईनं भिंतीचा आधार घेतला आणि हळूच उठली. दार ढकललं. पुष्पाबाई तिच्यामागून आत आल्या आणि थबकल्या. खोलीत एक बाज होती, बाजेखाली शेगडी धुमसत होती आणि बाजेवर कुणीच नव्हतं.

जनकाबाई बाजेवर आडवी झाली, पाठोपाठ आलेल्या गोजरबाईच्या हातून लेक घेऊन तिला छातीशी लावली आणि म्हणाली, “विचारा, बाई.”